आप्पांची काळी पेटी, सहा मेडलं आणि एक बिनदांड्याची हातोडी (जाणकारांनी मदत करा)

सिन्नरचा पोरगा

राम राम मंडळी. तीन-चार वर्षं नुसता वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव सिन्नर तालुक्याच्या पूर्व भागात, म्हणजे पाऊस ढगात दिसतो पण पडतो दुसरीकडे असा भाग. माझे आजोबा, आम्ही सगळे आप्पा म्हणायचो, मिलिटरीत होते. १९६३ ला भरती, १९७९ ला पेन्शनीत आले, २०१४ ला गेले. मागच्या महिन्यात जुनं घर पाडायला काढलं तेव्हा माळ्यावरची त्यांची काळी ट्रंक खाली घेतली, तिच्यावर पांढऱ्या रंगाने नंबर आणि नाव लिहिलेलं आहे, अर्धं पुसलंय. कुलूप गंजलेलं, बिजागरीच काढावी लागली.

आत एक लोकरीची जर्सी (कसरीने जाळी केलेली), एक ॲल्युमिनियमचा मग, रिबीन कुजलेली सहा मेडलं, त्यातली दोन चांदणीच्या आकाराची, चार गोल. आजीच्या नावाची पाच-सहा आंतरदेशीय पत्रं. आणि एक हातोडी, लहानशी, दांडा नसलेली, एका बाजूने घासून घासून गोल झालेली. फडक्यात नीट गुंडाळून ठेवलेली, मेडलं मात्र तशीच मोकळी.

आता मुद्दा असा की आप्पांनी लढाईबद्दल आम्हाला कधीच काही सांगितलं नाही. गावात मात्र सगळे सांगतात की एकाहत्तरच्या लढाईत ते लाहोरपर्यंत गेले होते. पंधरा ऑगस्टला शाळेत पण गुरुजी दरवर्षी हेच सांगायचे आणि आप्पा खुर्चीवर बसून मान खाली घालून ऐकायचे. मी विचारलं की म्हणायचे, "कालवा व्हता. पाणी व्हतं. थंडी व्हती." संपलं. इतिहास तीन वाक्यात.

कोणाला मेडलं ओळखता येतील का? आणि ती हातोडी तोफेच्या सामानातली असेल का? आप्पा तोफखान्यात होते एवढं नक्की. फोटो टाकलेत, मोबाईलचे आहेत, गोड मानून घ्या.

पंचवटीची काकू

पहिली मी. किती छान लिहिलंयस रे बाळा. लिहीत राहा. मेडलं चिंचेने घासू नकोस म्हणजे झालं, आमच्याकडे सासऱ्यांचं एक मेडल जाऊबाईंनी पितांबरीने असं काही लख्ख केलं की अक्षरंच गेली.

खवचट खंडू

वाचतोय. पुढचा भाग कधी? (हा कथेचा धागा नाही हे कळलंय, पण सवय.)

नाणीवाला

मी नाणी आणि मेडलं जमवतो, त्यामुळे थोडंफार सांगू शकतो. काकू म्हणतात ते शंभर टक्के खरं, अजिबात घासू नका. कोरड्या मऊ फडक्याने पुसा, प्रत्येक मेडल वेगळ्या कागदात ठेवा.

फोटो झूम करून पाहिले. चांदणी नंबर एक म्हणजे समर सेवा स्टार, हा १९६५ च्या युद्धात प्रत्यक्ष लढाईच्या भागात असलेल्यांना. गोल मेडलांपैकी एक रक्षा मेडल, ते पण पासष्टचंच. दुसरं गोल संग्राम मेडल, हे एकाहत्तरचं. तिसरं १९७२ साली स्वातंत्र्याला २५ वर्षं झाली म्हणून त्या वेळी नोकरीत असलेल्या सगळ्यांना दिलेलं. चौथ्याचा फोटो हललाय, सैन्य सेवा मेडल वाटतंय, वर पट्टी असेल तर तिच्यावर काय लिहिलंय ते वाचून सांगा.

आता गंमत. चांदणी नंबर दोन. एकाहत्तरला दोन वेगवेगळे स्टार दिले गेले, पश्चिम आघाडीवर होते त्यांना पश्चिमी स्टार आणि पूर्व आघाडीवर होते त्यांना पूर्वी स्टार. तुमच्या फोटोत जो आहे तो पूर्वी स्टार आहे.

म्हणजे तुमचे आप्पा एकाहत्तरला लाहोरला नव्हतेच. ते तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात होते, आजच्या बांगलादेशात.

सिन्नरचा पोरगा

काय सांगता. पक्कं ना? गावात सांगितलं तर मला वेशीबाहेर काढतील 😀 शाळेच्या फळ्यावर लिहिलंय हो लाहोर.

नाणीवाला

स्टारच्या मागे आणि गोल मेडलांच्या कडेला बघा, बारीक अक्षरात नंबर, रँक आणि नाव ठोकलेलं असतं. नाव त्यांचंच असेल तर शंकेला जागाच नाही. दुसऱ्या कोणाचं मेडल पेटीत आलंय असं क्वचित होतं.

सिन्नरचा पोरगा

आत्ता भिंगाने बघितलं. नंबर तोच, पेटीवर आहे तोच. आणि पुढे गनर आणि नाव. अंगावर काटा आला राव.

निवृत्त तोफची

धागा उशिरा पाहिला. मी स्वतः तोफखान्यात २४ वर्षं काढली, तुमच्या आप्पांच्या बरंच नंतरचा आहे, पण रंगरुटी तिथेच, नाशिक रोड कॅम्पात. त्यामुळे दोन शब्द.

गावात लाहोर म्हणतात ते अगदीच हवेतलं नाही. तुमच्या आप्पांनी "कालवा होता" म्हटलं ना, तो इच्छोगिल कालवा असू शकतो, लाहोरच्या पूर्वेला पाकिस्तानने बांधलेला. पासष्टच्या सप्टेंबरात आपली फौज सहा तारखेला सरहद्द ओलांडून त्या बाजूला गेली आणि युद्धबंदी झाली २३ ला. समर सेवा स्टार त्याच्याशी जुळतो. म्हणजे लोकांनी पासष्टचं लाहोर उचलून एकाहत्तरला चिकटवलं. असं फार होतं, घरच्यांना दोन लढाया एकच वाटतात.

हातोडी तोफेची नाही. तोफेच्या टूल किटमध्ये अशी घासलेली, गोल झालेली हातोडी मी तरी कधी बघितली नाही, आणि सरकारी वस्तू घरी आणायची हिंमत त्या काळी कोणाची नव्हती, एक मोजा हरवला तरी पगारातून कापायचे.

एक प्रश्न विचारतो, राग मानू नका. आप्पांना ऐकू कमी यायचं का? आलं असेल तर कुठल्या कानाने?

सिन्नरचा पोरगा

तुम्हाला कसं कळलं?? उजव्या कानाने जवळजवळ काहीच नाही. गावात लोक म्हणायचे मिलिटरीवाला ताठ आहे, रामराम घातला तरी बघत नाही. आम्हा पोरांना सवय होती, डावीकडे जाऊन बसायचो. लग्नात पंगतीत सुद्धा ते उजवीकडे भिंत येईल असे बसायचे.

निवृत्त तोफची

मग ते बहुतेक लेयर असणार.

सांगतो. त्या काळी आपल्या फील्ड रेजिमेंटांमध्ये इंग्रजांच्या वेळची पंचवीस पौंडी तोफ बरीच होती. नावाप्रमाणे गोळा साधारण पंचवीस पौंडाचा, म्हणजे साडेअकरा किलो, आणि मारा बारा किलोमीटरच्या आसपास. एका तोफेवर सहा माणसं. तिच्यावर नेम धरणारा जो असतो त्याला लेयर म्हणतात, तो तोफेच्या डाव्या अंगाला बसतो, डायल साईटच्या काचेला डोळा लावून. डावीकडे बसलेल्या माणसाचा तोफेकडे कुठला कान? उजवा. आणि तेव्हा कानाला काय होतं तर कापूस, तो पण गडबडीत कोण घालतो. एका रात्रीत शे-दोनशे गोळे गेले की तीन दिवस कानात शिट्टी वाजते, आणि असे दिवस साठत गेले की मग कायमची.

मी छाती ठोकून सांगत नाही, उजवा कान जायला इतर कारणं पण असू शकतात. पण आमच्यात म्हातारा भेटला की आम्ही आधी कान विचारतो, मग युनिट.

पंचवटीची काकू

बाई गं. आणि लोक ताठ म्हणायचे.

भगूरची लेक

माझं माहेर देवळालीच्या रेंजच्या बाजूचं, त्यामुळे राहवत नाही म्हणून लिहिते. आम्ही तोफांच्या आवाजातच वाढलो, फायरिंग असलं की आधी गावात नोटीस यायची की अमुक तारखांना रेंजवर जाऊ नका, गुरं नेऊ नका, आणि मग रात्री खिडक्यांच्या काचा थरथरायच्या, पाहुणे घाबरून उठायचे आणि आमची आजी कूस बदलून म्हणायची झोपा, कॅम्पात चाललंय. उजेड दिसल्यापासून आकडे मोजायचे, तीन आकड्यांना एक किलोमीटर, हे आम्हाला शाळेच्या आधी येत होतं.

दरवर्षी जानेवारीच्या सुमारास तोपची नावाचं प्रात्यक्षिक असतं, बाबांच्या ओळखीने एकदा बघायला मिळालं होतं. बोफोर्स जवळून बघितली आणि कानात बोटं घालून पण पोटात हादरा बसला. कारगिलला डोंगरावर हीच चालली असं बाबा सांगत होते. एवढं सगळं उशाशी असून त्या आवाजाने माणसाचा कान जातो हा विचार माझ्या मनात आज पहिल्यांदा आला, खरंच.

अभ्यासू बगळा

थोडं अवांतर. तोफखान्याचं स्कूल आधी काकुलला होतं, आज ते गाव पाकिस्तानात आहे, पुढे ते स्कूल देवळालीत आलं. त्याच्या आधी देवळाली म्हणजे इंग्रजी सोल्जरांची ये-जा करायची छावणी. बोटीची वाट बघत महिनोन्महिने इथे पडून राहून गोरे इतके वैतागायचे की डोकं फिरलेल्या माणसाला इंग्रजीत डूलाली म्हणायला लागले, तो शब्द म्हणजे आपली देवळाली.

आणि धागाकर्त्याने १९६३ ची भरती लिहिली आहे ते पण लक्षात घ्या. बासष्टच्या नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि लगेच १९६३ ला लोकसभेवर बिनविरोध निवडून आले ते आपल्या नाशिकमधूनच. चौसष्टला ओझरला मिगचा कारखाना. त्या दोन वर्षांत नाशिक जिल्ह्यात मिलिटरी हा शब्द घराघरात गेला असणार.

खवचट खंडू

बगळेभाऊ सगळं बरोबर पण उगाच त्याला देशभक्तीचा मुलामा देऊ नका. सिन्नरच्या पूर्व भागातला पोरगा भरती झाला तो हिमालयाच्या मदतीला धावायला नाही, दोन वेळच्या भाकरीसाठी. आपल्याकडे प्रत्येकाचा आजोबा हिरो असतो. खरं बोललेलं चालत नाही.

भगूरची लेक

झालं. आला खंडू आणि धाग्याचं वळण बदललं.

सिन्नरचा पोरगा

नाही ताई, खंडू बरोबर बोलतोय. तीन भाऊ आणि पाच एकर कोरडवाहू, त्यात बाजरी झाली तर झाली. बाई (आम्ही आजीला बाई म्हणतो) सांगते की भरतीच्या दिवशी आप्पा नाशिकपर्यंत चालत गेले आणि छाती भरेना म्हणून श्वास धरून उभे राहिले. वजन भरावं म्हणून निघताना सात-आठ केळी आणि तांब्याभर पाणी. ह्यात देश कुठे आला.

पण मग पासष्टला गेले, एकाहत्तरला गेले, १६ वर्षं काढली. पोटासाठी गेलेला माणूस तिथे काय बघतो, काय होतो, हे मला कळत नाही आणि तेच शोधतोय.

निवृत्त तोफची

खंडूशेठ, मी पण पोटासाठीच गेलो. ट्रेनिंगच्या पहिल्या तीन महिन्यांत माझं वजन सात किलोने वाढलं, उन्हातान्हात पळून पळून माणसं बारीक होतात आणि मी वाढलो, कारण घरी मला पोटभर कधी मिळालंच नव्हतं. ह्यात लाज कसली. उस्ताद आम्हाला विचारायचाच, घरी किती जनावरं, किती भाऊ. त्याला माहीत होतं.

बाकी तोफेवर बसल्यावर माणूस कशासाठी आला हे कोणी विचारत नाही. शेजारचा गोळा भरतोय म्हणून तुम्ही नेम धरता, तुम्ही नेम धरताय म्हणून तो भरतो. पुढे आठ-दहा किलोमीटरवर पायदळ तुमच्या भरवशावर पडलेलं असतं, ते तुम्हाला दिसत नाही, त्यांना तुम्ही दिसत नाही. तोफची बहुतेक वेळा शत्रूचं तोंड न बघताच लढाई करून घरी येतो. त्यामुळे सांगायला पण फार काही नसतं हो. कोन, अंतर, फायर. "पाणी होतं, थंडी होती" हे मला फार खरं वाटलं.

संगमनेरी

मराठी माणूस पोटासाठी गेला आणि काय करून आला ह्याचं एक उदाहरण तुमच्या शेजारच्याच तालुक्यातलं. आमच्या संगमनेर तालुक्यातल्या निमजचे नामदेव जाधव, मराठा पलटणीत साधे शिपाई, दुसऱ्या महायुद्धात इटलीत. ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी. कंपनीचे रनर होते, म्हणजे निरोप्या. जवळपास सगळे पडले तेव्हा दोन जखमींना एकेक करून खोल पाण्यातून आणि सुरुंगाच्या पट्ट्यातून मागे आणलं, मग परत जाऊन मशीनगनची ठाणी बंद पाडली, हाताला गोळी लागली तर बंदूक टाकून ग्रेनेड घेतले. शेवटी बांधावर चढून जयजयकार करत बाकीच्यांना पुढे बोलावलं. व्हिक्टोरिया क्रॉस. त्याच्या आदल्या वर्षी इटलीतच माणगावकडच्या यशवंत घाडगेंना मिळाला होता, तो मरणोत्तर.

नगर-मनमाड रोडला दहा जणांना थांबवून नामदेव जाधव कोण विचारा. मी विचारलंय. असो.

जंगी भाचा

एकाहत्तर आणि पूर्व आघाडी वाचून थांबलो. माझे मामा १ मराठा लाईट इन्फंट्रीत होते, जंगी पलटण. जमालपूरच्या लढाईत होते. ब्रह्मपुत्रा ओलांडून शहराच्या मागे जाऊन रस्ता अडवला, आपल्या ब्रिगेडियरने शरण या अशी चिठ्ठी पाठवली तर पाकिस्तानी कमांडरने उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. १० डिसेंबरच्या रात्री ते लोक जमालपुरातून बाहेर पडायला बघत होते आणि मराठ्यांच्या समोरच आले. मामा एवढंच सांगायचे की रात्रभर डोक्यावरून आपल्या तोफांचे गोळे जाताना रेल्वे गेल्यासारखा आवाज येत होता आणि तो आवाज थांबला की भीती वाटायची. थांबला की. चालू असताना नाही.

तोफखान्यातला माणूस एसटीत भेटला तरी मामा त्याचं तिकीट काढायचे. बेळगाव-कोल्हापूर गाडीत मी स्वतः बघितलंय.

आप्पा तिथेच होते असं म्हणत नाही. आघाडी मोठी होती.

नाणीवाला

@सिन्नरचा पोरगा, ती पत्रं आहेत ना, त्यांच्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता काय आहे? गावाचं नाव नसेल, नुसता नंबर आणि एपीओ (म्हणजे फौजी पोस्ट ऑफिस) असेल. ५६ एपीओ असेल तर टपाल दिल्लीतून गेलेलं, म्हणजे पश्चिम-उत्तर. ९९ एपीओ असेल तर कलकत्त्यातून, म्हणजे पूर्व.

सिन्नरचा पोरगा

बघितली. सहा पत्रं. दोनांवर ५६ आहे, तारखा १९६९ च्या. चारांवर ९९!! त्यातलं एक जानेवारी बहात्तरचं.

काय लिहिलंय सांगतो, निराशा होईल. "मी येथे खुशाल आहे. तुमची खुशाली कळवावी. मनीऑर्डर पाठवली आहे पावती ठेवावी. पोराला खोकला असल्यास डॉक्टरला दाखवावे. विहिरीचे काम थांबवावे. वडील माणसास नमस्कार." सगळीकडे जवळपास हेच. लढाईचा ल नाही. आणि एकात, त्याच जानेवारीच्या, शेवटी वेगळ्या शाईने "येथे तागाच्या वखारीत मुक्काम आहे, वास फार" एवढं एक वाक्य.

आणि हे वाचून मी खाली बसलो, कारण आप्पांची एक सवय होती. लासलगावला कांदा न्यायचा असला की नवीन बारदान यायचं, आणि आप्पा त्यातलं एक पोतं उघडून नाकाला लावून मोठ्ठा श्वास घ्यायचे. दर वेळी. आम्ही पोरं हसायचो, माझा चुलता तर नक्कल करायचा. नंतर प्लॅस्टिकच्या जाळीदार गोण्या आल्या तेव्हा आप्पा म्हणाले, ह्याला वास नाही. मला वाटायचं म्हाताऱ्या माणसाचं काहीतरी असतं.

भगूरची लेक

😢

अभ्यासू बगळा

बारदान तागाचं आणि ताग बंगालचा. ढाक्याच्या आसपास, नारायणगंज, मैमनसिंग, सगळा तागाचाच मुलूख, नदीकाठी वखारीच वखारी. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, ९३ हजार युद्धकैदी, ते सगळं आवरून आपली फौज मार्चमध्ये तिथून निघाली. म्हणजे जानेवारीत वखारीत मुक्काम हे तंतोतंत बसतं.

निवृत्त तोफची

पोरा, एक काम कर. तोफखान्याचं रेकॉर्ड ऑफिस नाशिक रोड कॅम्पातच आहे. तुझ्या आजोबांचे कागद सिन्नरपासून पाऊण तासावर असताना तू इंटरनेटवर विचारतोयस! बाईंना फॅमिली पेन्शन असेल, त्या पीपीओवर (पेन्शनच्या आदेशाचा कागद) नंबर मिळेल. बाईंच्या सहीने किंवा अंगठ्याने अर्ज दे की कुठल्या कुठल्या युनिटात होते एवढं कळवा. पेन्शन न मिळालेल्यांचे कागद २५ वर्षांनी नष्ट करतात, पेन्शनरचे जास्त काळ ठेवतात. आणि डिस्चार्ज बुक घरातच कुठेतरी असणार, ते फौजी माणूस कधी टाकत नाही. देवघरात बघ, नाहीतर बायकोच्या लुगड्यांच्या घडीत.

सिन्नरचा पोरगा

(आठ दिवसांनी धागा वर आणतोय, सॉरी, घराचा स्लॅब होता.)

डिस्चार्ज बुक सापडलं. खरंच बाईच्या पातळांच्या खाली होतं, तोफचीकाका तुम्हाला दंडवत. पावसाने पानं चिकटलीत, वाफेवर एकेक सोडवतोय, युनिटचं पान अजून सुटलं नाहीये. अर्ज पण तयार आहे, सोमवारी जातो.

पण खरी गोष्ट वेगळीच झाली. रात्री बाईला सगळा धागा वाचून दाखवला. तिला फोन, इंटरनेट काही कळत नाही, तिला वाटलं पेपरात आलंय. आप्पा बंगालकडे होते, लाहोरला नव्हते म्हटल्यावर ती म्हणाली, "मंग लाहोर कोनी घेतलं?" मी म्हटलं कोणीच नाही घेतलं बाई. तर म्हणे, "मंग एवढे दिस शाळेत काय सांगत व्हते रं?"

तोफचीकाकांचं लेयरचं वाचलं तर लगेच म्हणाली, "काचंत बघायचं काम व्हतं त्यांचं. मला म्हने डोळा चांगलाय म्हनून काचंवर बसवला." पंचावन्न वर्षं तिला माहीत होतं. कोणी विचारलंच नाही.

मग मी हातोडी काढली. तोफेची आहे का म्हणून लोक विचारतायत म्हटलं. बाई असं हसली की ठसका लागला. ती हातोडी तिची आहे.

बहात्तरचा दुष्काळ. आमच्या भागात त्या साली दाणा पिकला नाही, विहिरीला तळ लागला, गुरं सोडून दिली. माझा बाप दोन वर्षांचा. आप्पांची मनीऑर्डर यायची पण ती सासऱ्याच्या हातात, आणि खाणारी तोंडं अकरा. मग बाई खडी फोडायला जायला लागली, रस्त्याच्या कामावर. वर सरकारची सुकडी आणि ती लाल मिलो जवारी, तिची भाकरी थापताना तुटायची म्हणे. पत्रात हे कोणी कळवलं नाही, कारण पत्र लिहायचा मास्तर आणि सांगायचा सासरा, त्यात सुनेची खडी कुठून येणार.

दिवाळीच्या पुढे-मागे आप्पा दोन महिने सुट्टीवर आले. फाट्यावर एसटीतून उतरले, अंगात मिलिटरीचा ड्रेस, डोक्यावर तीच काळी पेटी. रस्त्याच्या कडेला बायांची ओळ बसलेली, डोक्याला फडकी बांधून, सगळ्या पांढऱ्या धुळीत. ते पुढे चालत गेले. त्यांनी ओळखलंच नाही. बाईने ओळखलं पण हाक मारली नाही, नवऱ्याला हाक कशी मारणार आणि चारचौघींत. घरी जाऊन पेटी ठेवली, विचारलं, कळलं, आणि परत रस्त्यावर आले. बाई म्हणते, "माह्याकडं बघत नुसतं हुभं राह्यले. मला वाटलं आता मारत्यात का काय."

दुसऱ्या दिवसापासून सुट्टी संपेपर्यंत आप्पा तिच्या शेजारी बसून खडी फोडत होते. त्यांचं नाव हजेरीवर लागत नव्हतं, सरकारी नोकर ना. पण खडीचे पैसे मापावर होते, ढीग मोजून. ढीग बाईच्या नावावर. मुकादम म्हणायचा, एवढी खडी एकटी बाई कशी फोडती? बाया म्हणायच्या, जमतंय तिला. हातोडी एकच होती, ती आप्पा घ्यायचे, बाई दगड आणून द्यायची.

जाताना दांडा मोडला होता. त्यांनी लोखंड काढून पेटीत टाकलं, दांडा बसवून आणतो म्हणाले.

पंचवटीची काकू

मी आत्ता ऑफिसात आहे आणि बाथरूममध्ये जाऊन रडून आले.

खवचट खंडू

मी काही बोलत नाही. वाचनखूण साठवली.

अभ्यासू बगळा

ह्याच दुष्काळी कामांतून पुढे आपली रोजगार हमी आली, कायदा १९७७ चा. पुस्तकात वाचलं होतं, आज माणूस दिसला.

जंगी भाचा

मामांना वाचून दाखवलं, ८१ वर्षांचे आहेत. ते म्हणाले त्या सालचं मेडल आम्हाला पण मिळालं, २५ वर्षांचं. मग बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, बाईंना नमस्कार सांग.

निवृत्त तोफची

सांगितलं की सोमवारी कॅम्पात जा, तर मी पण येतो. गेटवर माझी वाट बघ, बाईंना आणणार असशील तर खुर्चीची सोय करतो. आधार कार्ड आणि पीपीओची झेरॉक्स विसरू नको, दोन-दोन काढ.

एक विचारायचं राहिलं. तो रस्ता अजून आहे का?

सिन्नरचा पोरगा

येतो काका. बाई म्हणते येईल पण एसटीनेच, कारमध्ये तिला मळमळतं.

रस्ता आहे. शिर्डीकडे जाणारा, आता चौपदरी झालाय. बाईला मागच्या वर्षी तिथूनच दवाखान्यात नेलं होतं, तेव्हा ती खिडकीतून खाली बघत होती आणि मी एसी वाढवू का म्हणून विचारत होतो.